हातानं ढकलायचं लॉनचं मशीन : एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दिवाळीनंतरचा अनुभव

आम्ही फेब्रुवारीत १४ इंची हातमशीन घेतलं. दोन चाकं, मधे पाच पिळदार पात्यांचं फिरतं रीळ, त्याच्याखाली एक स्थिर पातं आणि ढकलायला दांडा, एवढंच. ना इंजिन, ना वायर. आता दिवाळी होऊन गेली आहे. कोल्हापूरचा उन्हाळा, वळीव, जुलैची झड, परतीचा पाऊस, सगळं या मशीननं बघितलंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगते. घरापुढं पाच-सातशे चौरस फुटांचं बऱ्यापैकी सपाट लॉन असेल आणि गवत हरळीच्या जातीचं असेल, तर बिनधास्त घ्या. मात्र जुलै-ऑगस्टची वेगळी सोय करून ठेवा आणि पाती लावून घ्यायची तयारी ठेवा. या दोन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही.

आमचं घर कळंब्याच्या बाजूला. बांधकामाच्या वेळी अंगणात मुरमाची भर पडली, तिच्यावर जेमतेम अर्धा फूट तांबडी माती, आणि त्यात सिलेक्शन वनच्या काड्या टोचलेल्या. सिलेक्शन वन म्हणजे आपल्या हरळीतूनच निवडलेली बारीक पानाची जात. आधी माळीमामा महिन्यातनं एकदा पेट्रोलचं कटर खांद्याला अडकवून यायचे आणि नायलॉनच्या दोरीनं सगळं जमिनीबरोबर करून जायचे. दोन दिवस अंगण स्वच्छ दिसायचं, मग आठवडाभर पिवळं. गवताच्या उंचीतला एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग एका वेळी काढायचा नाही, हा लॉनचा पहिला नियम. त्याहून जास्त काढलं की हिरवं पान उरतच नाही, नुसते दांडे दिसतात, आणि नवं पान फुटेपर्यंत मुळं साठवलेल्यावर जगतात. महिन्यातनं एकदा कापणाऱ्याला हा नियम पाळताच येत नाही. त्यांना दर आठवड्याला बोलवणं आम्हाला परवडत नव्हतं, म्हणून मशीन घेतलं.

पहिला फरक पानाच्या टोकाला दिसला. फिरतं रीळ आणि खालचं पातं यांच्यामधे गवत कात्रीत धरल्यासारखं कापलं जातं. दोरी किंवा आडवं फिरणारं पातं गवताला जोरात फटका मारून तोडतं, त्यामुळं टोकाला धागे निघतात आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच ते भुरे पडतात. मी दोन्हींची पानं तोडून हातावर शेजारी ठेवून बघितली. मशीननं कापलेल्याचं टोक सरळ होतं, नखानं खुडल्यासारखं नाही. एप्रिलच्या उन्हातसुद्धा लॉनवर ती भुरकट झाक आली नाही.

मार्च ते मेमध्ये आठ-दहा दिवसांनी एकदा फिरवायचं, उंची दीड इंच. मागचा रोलर वर-खाली करून उंची ठरते. कडक उन्हाळ्यात ती आणखी थोडी वाढवली. गवत थोडं उंच ठेवलं की मातीवर सावली राहते आणि मुरमावरच्या आमच्या उथळ मातीला ती फार लागते. कापलेल्या काड्या इतक्या बारीक पडतात की गोळा कराव्या लागत नाहीत, त्या तिथंच कुजतात आणि त्यातलं नत्र परत गवताला मिळतं. यंदा युरियाला एकदाच हात लावला. १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम ही कमाल मात्रा. मी त्याच्या निम्मा टाकला आणि लगेच पाणी सोडलं. पावसाळ्यात तर टाकूच नका, आपल्याकडच्या पावसात तो सरळ गटारात जातो.

पाण्याचा हिशोबही एकदा मांडून बघा. ६०० चौरस फुटांवर एक इंच पाणी द्यायचं म्हणजे सुमारे १४०० लिटर, हजार लिटरची टाकी रिकामी होऊन वर चारशे. रोज संध्याकाळी पाइप धरून शिंपडण्यापेक्षा आठवड्यातनं दोनदा भिजवून दिलेलं बरं. मुळं पाण्यामागं खाली जातात आणि मग दुपारच्या उन्हाला गवत मान टाकत नाही.

आवाज जवळजवळ नाहीच. पहाटे साडेसहाला फिरवलं तरी शेजारच्या काकूंच्या घरात बाळ झोपलेलं असतं, ते उठत नाही. हा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. उन्हाळ्यात गवत कापायची योग्य वेळ तीच, आणि पेट्रोलचं मशीन त्या वेळी सुरू करायचं धाडस कुणी करू नये.

आता पावसाळा. मशीन आणलं तेव्हाच माळीमामा म्हणाले होते, "वैनी, उन्हाळ्यात झ्याक हाय, पर पावसाळ्यात ह्येचं काय खरं न्हाई." त्यांचं बरोबर निघालं. जूनमध्ये पाऊस लागला की हरळी दिवसागणिक वाढते आणि कापायला उघडीप मिळत नाही. ओल्या गवतावर चाकं घसरतात. चाकं घसरली की रीळ फिरत नाही, कारण त्याला फिरवणारी चाकंच असतात. गवताचा लगदा पात्यांत बसतो. गांडुळं मातीच्या बारीक गोळ्या वर आणून टाकतात, त्या पात्यात येऊन धार खातात. मऊ जमिनीवर चालल्यानं माती दाबली जाते ते वेगळंच.

जुलैत झड लागली आणि गवत चार इंचांच्या वर गेलं. एवढं झाल्यावर हे मशीन कापत नाही, गवताला पुढं वाकवून त्याच्यावरून निघून जातं. मागं बघितलं की ते परत उभं. हरळीचे तुरे आणि लव्हाळ्याच्या कांड्या तर एरवीसुद्धा पात्याच्या पुढं लवतात आणि सुटतात. मशीनची जात समजून घेतली तर यात त्याचा दोष नाही, पण घेणाऱ्यानं हे धरून चालायला हवं. आमची सोय अशी झाली: ऑगस्टमध्ये दोन दिवस ऊन पडल्यावर माळीमामांना बोलावलं, त्यांनी कटरनं तीन इंचांवर आणून दिलं, जमिनीबरोबर नाही. चार दिवसांनी हातमशीन दोन इंचांवर फिरवलं, पुढच्या आठवड्यात दीडवर. टप्प्याटप्प्यानं खाली आणल्यामुळं लॉन पिवळं पडलं नाही. पुढच्या वर्षीही असंच करणार. पावसाळ्यात दोनदा माणूस बोलवायचा, बाकी दहा महिने आपण.

पाती लावणं हा या मशीनचा खरा जीव आहे. रीळ आणि खालचं पातं यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी कमी-जास्त होतं. तपासायचं कसं, तर वर्तमानपत्राची पट्टी मधे धरून रीळ हातानं हळू फिरवायचं, बोटं लांब ठेवून. आमच्याकडं पुढारी येतो, त्याच्याच पट्ट्या कापते. पट्टी पूर्ण रुंदीभर स्वच्छ कापली गेली पाहिजे. एका बाजूला कापली आणि दुसऱ्या बाजूला दुमडली, तर त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा आवळायचा. जास्त आवळलं की रीळ घासून आवाज करतं, ढकलायला जड जातं आणि धार लवकर जाते. महिन्यातनं एकदा पाच मिनिटं एवढं केलं की मशीन हलकं चालतं. आमच्या ओळखीत एकांनी हेच मशीन 'कापत नाही' म्हणून माळ्यावर टाकलं होतं. मी जाऊन स्क्रू लावून दिले, आता तेही वापरतात.

दिवाळीत मात्र घात झाला. पोरांनी लॉनच्या कडेला किल्ला केला होता, मावळे मांडले, फुलबाज्या उडवल्या. आठवड्यानं मशीन फिरवताना 'खट्' आवाज आला आणि रीळ जागेवर अडकलं. फुलबाजीची जळकी तार गवतात पडलेली, ती बरोबर दोन पात्यांच्या मधे आली. तार काढली, पण खालच्या पात्याला खाच पडली आणि तिथं गवताची एक बारीक रेघ न कापता राहायला लागली. आता कापण्याआधी स्पीकरचं जुनं चुंबक दोरीला बांधून लॉनवरून ओढते. पहिल्याच फेरीत त्याला तारांचा झुबका लागला. खडेसुद्धा तसेच घातक. आमच्याकडं पावसानं मुरूम वर येतो, तो वेचावाच लागतो.

खाच पडल्यावर कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. सुटं पातं मिळणार नाही, पूर्ण रीळ मागवा, असं उत्तर मिळालं आणि किंमत नव्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास. पण आपण कोल्हापुरात राहतो हे विसरून कसं चालेल? खालचं पातं चार स्क्रू काढून सोडवलं आणि उद्यमनगरात, आपल्या वर्कशॉपच्या भागात, घेऊन गेले. तिथल्या एका ग्राइंडिंगवाल्या काकांनी पातं उजेडाकडं धरून डोळ्याच्या रेषेत बघितलं, "वाकलेलं न्हाई, नुसती खाच हाय," म्हणाले आणि सरफेस ग्राइंडरवर दोन-तीन हलके हात मारून कड सरळ करून दिली. घासताना पातं तापू नये म्हणून पाणी चालू ठेवलं होतं. पातं निळं पडलं की धार टिकत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मागच्या रोलरचा प्लास्टिकचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, झिजून खडखडत होता. शेजारच्या लेथवाल्यानं नायलॉनच्या दांड्यातनं तसाच दुसरा उतरवून दिला, तो मूळच्यापेक्षा घट्ट बसला. ज्या गावानं शेतकऱ्यांसाठी ऑइल इंजिनं घडवली, तिथं एका पात्यासाठी नवं मशीन घ्यायची वेळ कुणावर येऊ नये.

घरी आणून जोडल्यावर रीळ उलटं फिरवून धार जुळवली. रिळाच्या पात्यांना व्हॉल्व्हसाठीची ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रीळ उलट्या दिशेनं फिरवत राहायचं, म्हणजे दोन्ही कडा एकमेकींवर घासून एकसारख्या होतात. चाकातल्या खटक्यामुळं रीळ एकाच दिशेनं चालतं, त्यामुळं उलटं फिरवायला एक चाक काढून आतल्या दांड्याला पाना लावावा लागला. नंतर पेस्ट पुसून, धुऊन, तेलाचा हात. पुढच्या कापणीला ती रेघ गेली.

मशीनमुळं एक गोष्ट लवकर कळली, हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. आपल्याकडं उसाला हिचा त्रास सगळ्यांना माहीत आहे, पण ती लॉनमध्येही येते. वळवाचा पाऊस झाला की अंधार पडताना भुंगेरे मातीतनं निघतात, कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि नंतर जमिनीत अंडी घालतात. आमच्या फाटकाजवळ कडुलिंब आहेच. सप्टेंबरात त्या कोपऱ्यात मशीन वळवताना चाकाखालचं गवत मुळासकट सुटून आलं. सतरंजीसारखं उचललं गेलं आणि आत पांढऱ्या, वळलेल्या अळ्या. मुळं खाऊन टाकलेली. साळुंक्या तिथं सारख्या का टोचत होत्या, तेही तेव्हा कळलं. फूटभर चौकोनात पाच-सहा अळ्या दिसल्या तर उपाय करावाच. आम्ही दिसतील तेवढ्या वेचल्या, अळीला मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पावडर कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या मातीत पसरली, वर पाणी दिलं. कोपरा पुन्हा भरत आला आहे. यापुढं वळवानंतर संध्याकाळी कडुलिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, शेतकरी करतात तसं. आणि शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. अर्धवट कुजलेल्या खतातनं हुमणीही येते आणि तणाचं बीही.

लव्हाळ्याला मशीनचा काही उपयोग नाही. वरचं पान कापलं तरी गाठी जमिनीत शाबूत राहतात. ऊसवाले त्यावर हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारतात आणि लव्हाळा जातोही, पण आपल्याकडं त्याची शिफारस पिकासाठी आहे आणि आमच्या लॉनवर पोरं अनवाणी लोळतात, म्हणून मी मारलं नाही. पाऊस उघडला की खुरपं घेऊन गाठीसकट काढते. नुसतं उपटलं तर गाठ मातीत राहते.

कडेचं गवत हा आणखी एक त्रास. चाकं पात्यांच्या बाहेर असल्यामुळं भिंतीलगत तीन-चार इंचांची पट्टी राहतेच. आम्ही कडेनं शहाबादी फरशीची पट्टी मातीच्या पातळीत बसवून घेतली. चाक फरशीवरून जातं आणि पातं गवताच्या टोकापर्यंत पोचतं. कुंड्यांभोवती मात्र कातरच.

उतार, झाडांची मुळं वर आलेली जमीन किंवा दोन आठवडे गावाला जाणारं घर असेल तर हे घेऊ नका. रुंद पानाचं जाड गवत असेल तरी विचार करा. बाकीच्यांनी दुकानात जाताना खिशात कागदाची पट्टी न्या. बांधलेलं मशीन समोर मागा, पट्टी पूर्ण रुंदीभर कापते का बघा. खालचं पातं स्क्रूनं बसवलंय की रिव्हेट मारलंय हे उलटं करून तपासा, रिव्हेटवालं घेऊ नका, ते काढून धार लावता येत नाही. सुटं पातं आणि रोलरचा बुश मिळतो का, ते बिल करण्याआधी विचारा. आम्हाला मशीन सहा-सात हजारांत पडलं, आणि माळीमामांच्या खेपा दहा-बारावरून दोनवर आल्या.