पोलारिस घ्यावं की सोव्हिएत क्षेपणास्त्रं? पाणबुडीवर बोलणाऱ्यासाठी

पाणबुडीतून सुटणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांवर व्याख्यान द्यायचं असेल, तर सगळा इतिहास सांगायच्या भानगडीत पडू नका. नुसती नावांची जंत्री होते आणि मागच्या रांगेतले लोक मोबाइल काढतात. एकच धागा पकडा. तसे चांगले धागे दोन आहेत: अमेरिकेचं पोलारिस, आणि सोव्हिएत संघाचं आर-11एफएमपासून आर-29पर्यंतचं घराणं.

दोन्हींत खरा फरक इंधनाचा. तो समजवायला दिवाळीतला बाण पुरतो. दारू आत ठासलेली, वात पेटली की सुटला. हे घन इंधन. द्रव इंधनात दोन टाक्या, पंप, नळ्या, झडपा आल्या. ताकद किलोमागे जास्त मिळते, पण गळती झाली तर ती बंद लोखंडी नळकांड्यात, माणसांच्या शेजारी.

पोलारिसची गोष्ट सांगायला सोपी, कारण तिला सुरुवात-मध्य-शेवट आहे. नोव्हेंबर 1955मध्ये रिअर ॲडमिरल विल्यम रेबॉर्न यांच्याकडे आरमाराच्या क्षेपणास्त्राचं काम आलं, तेव्हा आरमाराच्या गळ्यात लष्कराचं ज्युपिटर हे क्षेपणास्त्र बांधलेलं होतं. त्यात केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन; म्हणजे उणे 183 अंशांचा पदार्थ घेऊन समुद्राखाली राहायचं. कुणालाच ते मनापासून पटत नव्हतं. मग दोन गोष्टी जुळून आल्या. घन इंधनात ॲल्युमिनियमची पूड भरपूर घातली की जोर वाढतो, हे कळलं. आणि 1956च्या उन्हाळ्यात हायड्रोजन बॉम्बवर काम केलेले शास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी सांगितलं की क्षेपणास्त्र तयार होईपर्यंत अण्वस्त्रही बरंच हलकं झालेलं असेल. डिसेंबरमध्ये आरमारानं ज्युपिटरला रामराम ठोकला.

पुढची घाई तर बघण्यासारखी. नवी पाणबुडी बांधायला वेळ कुठला? बांधणी चालू असलेल्या ‘स्कॉर्पियन’ या पाणबुडीचा सांगाडा कापला आणि मध्ये सुमारे 40 मीटरचा तुकडा घातला, 16 क्षेपणास्त्रांचा. ती झाली ‘जॉर्ज वॉशिंग्टन’. 20 जुलै 1960 रोजी केप कॅनाव्हरलजवळ तिनं पाण्याखालून दोन पोलारिस सोडली. दाबाच्या हवेनं क्षेपणास्त्र वर फेकायचं आणि पाण्याबाहेर आल्यावर मोटर पेटवायची, अशी युक्ती. पल्ला सुमारे 2,200 किलोमीटर.

पण पहिला मान अमेरिकेचा नाही, हे श्रोत्यांना सांगायलाच हवं. 16 सप्टेंबर 1955 रोजी श्वेत समुद्रात बी-67 या पाणबुडीवरून आर-11एफएम सुटलं, आणि सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह स्वतः पाणबुडीत होते. अर्थात पाणबुडी पृष्ठभागावर आलेली, आणि पल्ला जेमतेम 150 किलोमीटर. इतक्या जवळ जाऊन वर यायचं म्हणजे शत्रूच्या दारात उभं राहून कडी वाजवायची.

पुढे क्षेपणास्त्र रचनाकार व्हिक्टर मकेयेव्ह यांनी हे काम हाती घेतलं आणि द्रव इंधन सोडलं नाही. 1974मध्ये सेवेत आलेल्या आर-29चा पल्ला 7,800 किलोमीटर होता. पोलारिसनंतर आलेल्या, तेव्हाच्या अमेरिकी पोसायडनचा साधारण 4,600. म्हणून ‘घन इंधन जिंकलं’ असं ठोकून दिलंत तर एखादा जाणकार श्रोता तुम्हाला तिथंच पकडेल.

पण द्रव इंधनाची किंमत के-219 या सोव्हिएत पाणबुडीच्या प्रसंगातून दिसते. 3 ऑक्टोबर 1986 रोजी बर्म्युडाच्या ईशान्येला तिच्या एका क्षेपणास्त्र नळीत समुद्राचं पाणी शिरलं, इंधनाशी त्याची रासायनिक गाठ पडली आणि स्फोट झाला. अणुभट्टी आपोआप बंद होईना. सर्गेई प्रेमिनिन हा विशीतला खलाशी भट्टीजवळच्या भयंकर उष्णतेत गेला आणि भट्टी थांबवणारे नियंत्रक दांडे हातानं फिरवून खाली उतरवले. परत येताना दोन कप्प्यांतल्या दाबाच्या फरकामुळे मधलं दार उघडलं नाही. पलीकडून सहकारी जोर लावत होते. तो आतच मरण पावला. तीन दिवसांनी पाणबुडी बुडाली.

तर निवड कशी करावी? समोर शाळेची मुलं आणि हाती अर्धा तास असेल, तर पोलारिस. पाणबुडी कापून मध्ये तुकडा जोडला, हे त्यांना लगेच आवडतं. मोठी माणसं आणि तासभर असेल, तर मी डोळे मिटून सोव्हिएत बाजू घेईन. अमेरिकेनं द्रव इंधन का टाळलं, हे प्रेमिनिनच्या गोष्टीतून जितकं कळतं तितकं पोलारिसच्या यशातून कळत नाही. पुण्यात बोलणार असाल तर ‘आपलं काय?’ हा प्रश्न येणारच. के-15 आणि के-4 ही पाणबुडीतून सुटणारी भारतीय क्षेपणास्त्रं दोन्ही घन इंधनाची आहेत, आणि या इंधनांवर संशोधन करणारी एचईएमआरएल ही प्रयोगशाळा तुमच्याच शहरात, सुतारवाडीला आहे.

सोव्हिएत बाजू घेतलीत तर बरोबर पृथ्वीगोल आणि दोरा न्या. सपाट नकाशा या कामाला फसवा. सोव्हिएत पाणबुड्यांच्या उत्तरेकडच्या तळांजवळच्या मुर्मान्स्कवर एक टोक धरा, दुसरं वॉशिंग्टनवर. अंतर भरतं साधारण 6,700 किलोमीटर. आर-29च्या मापाचा दोरा कापून आणला असेल, तर तो वॉशिंग्टन ओलांडून वर उरतो.