गुप्त पट्ट्यापायी गेलेले ४९,५९३ रुपये

आधी आकडा लिहितो, कारण तो घरात सांगायलाच मला चार दिवस लागले. रोख लपवायला घेतलेल्या सहा कमरपट्ट्यांचे ५,०९४ रुपये. ते परत मिळवायला गेलो तेव्हा खात्यातून गेले २४,९९९ आणि पाचच मिनिटांनी १९,५००. मिळून ४९,५९३. एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली मी. दुसऱ्याच्या व्हाउचरमधली एक रुपयाची चूक सुटायची नाही माझ्या नजरेतून. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. पण परवा भाच्याच्या मोबाईलवर तीच जाहिरात पुन्हा बघितली, तोच फोटो, फक्त पानाचं नाव बदललेलं. मग गप्प बसवेना.

मे महिन्यात आम्ही नऊ जण टेम्पो ट्रॅव्हलर करून तिरुअनंतपुरम, कन्याकुमारी, रामेश्वर असं जाणार होतो. आषाढीला पंढरपुरात मेव्हण्याचा खिसा कापला गेला होता, ७,२०० रुपये गेले होते, त्यामुळे घरात सगळ्यांनी गर्दीची धास्ती घेतलेली. अशा वेळी मोबाईलवर जाहिरात आली: कपड्याच्या आत कमरेला बांधायचा गुप्त पट्टा, घामाने भिजत नाही, पाणी जात नाही, आरएफआयडी सुरक्षा (म्हणजे कार्डातली चिप कुणी बाहेरून वाचू शकत नाही). खोडलेली किंमत २,४९९ आणि आजच्या दिवसापुरती ८४९. मोठी माणसं सहा, म्हणून सहा मागवले. पार्सल हातात आल्यावर पैसे द्यायचे तर नगामागे ९९ रुपये जादा होते. म्हणजे ५९४ वाचत होते, म्हणून सगळे आधीच भरले. ते ५९४ अजून डोक्यातून जात नाहीत.

एवढं तरी बघायला हवं होतं की पानावर पत्ताच नव्हता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क दाखवावाच लागतो. तिथे होता फक्त व्हॉट्सॲपचा हिरवा गोल. अशा पानावरून टाचणीसुद्धा घेऊ नका.

पार्सल आलं तो दिवस मला रोज आठवतो. उघडल्या उघडल्या रेक्झिनचा वास आला. माझी सून घरी शिवणकाम करते. तिने एक पट्टा उचलला, कापड तोंडाला लावून फुंकर मारली आणि म्हणाली, "मामा, ह्यातनं वारं जात न्हाई. घाम कुठनं जाणार?" साधा प्रश्न होता. आणि मी, सगळ्यांसमोर, तिला म्हणालो, "वॉटरप्रूफ म्हणजे असंच असतंय, तुला काय कळतंय त्यातलं." ती गप्प झाली, पट्टा घडी घालून परत खोक्यात ठेवला. बसल्या जागी दहा सेकंदांत तिने माल तपासला होता. तेव्हाच पानावर जाऊन पत्ता शोधला असता, तो नाही हे दिसलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. तेव्हापासून मी तिच्या डोळ्याला डोळा देऊन बोललेलो नाही.

माझी बाजूही सांगतो. मी आंधळेपणाने गेलो नाही. एप्रिलात पट्टा बांधून इथे कोल्हापुरात रंकाळा तळ्याला दोन फेऱ्या मारल्या, काही झालं नाही. पण आपल्याकडचं उन्हाळ्याचं ऊन कोरडं. घाम येतो आणि संध्याकाळच्या वाऱ्याला वाळतो. समुद्रकाठी हवेतच इतका ओलावा असतो की घाम वाळतच नाही, अंगावरच राहतो. कोल्हापुरात पास झालेला पट्टा तिकडे पास होईल हे गृहीत धरणं चुकलं. तपासायचंच असेल तर आत वर्तमानपत्राचा घडी घातलेला तुकडा ठेवा, पट्टा बांधून तासभर भरभर चाला आणि कागद काढून बघा. मऊ पडला असेल तर नोटांचंही तेच होणार.

तिरुअनंतपुरमला पद्मनाभस्वामींच्या देवळात पुरुषांना मुंडू नेसून, वर उघड्या अंगाने जावं लागतं. गळ्यात लटकवायची पिशवी तिथे लपणार कशी? म्हणून कमरेचाच पट्टा बरा, हा माझा हिशेब बरोबर होता. माल खोटा निघाला. रांगेत उघड्या कातडीवर ते रेक्झिन चिकटलं. आत चंदेरी थर होता, त्याने तर उकाडा दुप्पट. तो थर आरएफआयडीसाठी म्हणे. आधार कार्डात अशी चिपच नसते. टॅप करून चालणाऱ्या बँक कार्डात असते, आणि पिनशिवाय टॅपला ५,००० ची मर्यादा आहे. या एका गोष्टीसाठी आपण कमरेला पत्रा बांधून फिरायचं? संध्याकाळी बायकोच्या कमरेला लाल चट्टा उठला होता. डॉक्टर आणि मलम मिळून ५६० रुपये, तेही मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

रामेश्वरला खोल्या सोडल्या होत्या, सामान गाडीत. रोख कुठे ठेवणार, म्हणून पट्ट्यातच ठेवली आणि अग्नितीर्थात, म्हणजे देवळासमोरच्या समुद्रात, उतरलो. मग देवळातली बावीस तीर्थं. प्रत्येक विहिरीवर बादलीने डोक्यावर पाणी ओततात. चेनच्या दातांतून पाणी सरळ आत गेलं आणि रेक्झिन असल्यामुळे आतच साठून राहिलं. पुढे दर्शनासाठी कोरडे कपडे घालायला गेलो तेव्हा पट्टा पखालीसारखा फुगला होता. आत १६,००० होते, पाचशेच्या ३२ नोटा. सोडवताना पाच फाटल्या. आधार कार्डाच्या झेरॉक्सचा लगदा झाला.

फाटलेल्या नोटांवरून इथल्या एका बँक शाखेने मला तीन खेपा मारायला लावल्या. "मुंबईला रिझर्व्ह बँकेत जावा," हे पहिलं उत्तर. चूक आहे हे. फाटक्या-खराब नोटा जवळपास सगळ्याच बँकांच्या शाखांनी बदलून द्यायच्या असतात, तिथे खातं नसलं तरी. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. त्यातला एक अखंड तुकडा ८० किंवा जास्त भरला तर पूर्ण पैसे. मी पट्टीने मोजून कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठे २,५०० मिळाले.

खरी फसवणूक इथून पुढची. खोक्यात एक छापील चिठ्ठी होती, "समाधान नाही? सात दिवसांत पूर्ण परतावा", आणि खाली नंबर. इंटरनेटवर शोधलेले कस्टमर केअरचे नंबर खोटे असतात, हे मला माहीत होतं. मी शोधलाच नाही. हा तर मालाबरोबर घरात आलेला नंबर, म्हणून विश्वास बसला. फोन लावला. सात दिवस उलटून गेले होते, तरी पलीकडचा माणूस "काका, तुमच्यासाठी करून देतो" म्हणाला. शुद्ध मराठी बोलत होता. पट्ट्याचा फोटो मागितला, चट्ट्याची चौकशी केली आणि परताव्याचा फॉर्म म्हणून एपीके फाईल पाठवली, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये टाकायचं ॲप.

फोनने इशारा दिला होता. अनोळखी ठिकाणचं ॲप धोक्याचं असू शकतं, अशी पाटीच आली. सुनेची फुंकर आणि ही पाटी, दोन्ही वेळा मला अडवलं गेलं आणि दोन्ही वेळा मीच पुढे गेलो. "तो नेहमीचाच मेसेज आहे काका, परवानगी द्या." दिली. मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. परतावा कार्डावर जमा करायचा म्हणून कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरले. परतावा घ्यायला यातलं काहीही लागत नाही. ११ वाजून ४२ मिनिटांनी २४,९९९ गेले, ११ वाजून ४७ ला १९,५००. बँकेचे मेसेज त्या ॲपने मला दिसूच दिले नाहीत. दीड वाजता दूधवाल्याचे पैसे जाईनात तेव्हा खातं बघितलं.

असं काही झालं तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन करा. आधी मुलाला विचारू, शेजाऱ्याला विचारू, असं करू नका. माझी त्यातच आणखी पन्नास मिनिटं गेली आणि तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते.

बँक म्हणाली, माहिती तुम्हीच दिली, जबाबदारी तुमची. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक पुढे केलं. ग्राहकाच्या हलगर्जीपणाने गेलेलं नुकसान, कळवेपर्यंतचं, ग्राहकाचं. मान्य. पण ज्या खात्यातून वर्षभरात दुधाचे, विजेचे आणि औषधाचे पैसे सोडून काही जात नाही, त्यातून पाच मिनिटांत ४४,४९९ बाहेर जातात आणि यांच्या यंत्रणेला काहीच खटकत नाही? हा प्रश्न मी लेखी विचारला. शिक्का मारून पोच दिली, उत्तर नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तारीख मी मांडून ठेवली आहे.

पोलिसांचं तर सांगायलाच नको. जवळच्या ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जावा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. स्टेटमेंट आणा, शिक्का आणा, स्क्रीनशॉटचे रंगीत प्रिंट आणा. एकाने तर सगळ्यांसमोर विचारलं, "शिकलेली माणसं तुम्ही, कसं काय फसता?" तक्रार लिहून घ्यायचा पगार मिळतो की अपमान करायचा? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घेतली पाहिजे असं लिहिलंय. छापून नेलं. वाचलंसुद्धा नाही. चौथ्या खेपेला नोंद झाली. ग्राहकांसाठीच्या एका मदत क्रमांकावर फोन केला, तर त्यांनी मलाच कंपनीचा पत्ता विचारला. पत्ता असता तर मी तुम्हाला फोन कशाला केला असता? कुरिअरवाल्याकडे पाठवणाऱ्याची माहिती असणार, पण ती म्हणे फक्त पोलिसांना देणार, आणि पोलिसांनी अजून मागितलेली नाही.

मंगळवार पेठेत आमचा जुना शिंपी आहे. आजोबांच्या बंडीला त्याच्याच बापाने चोरखिसा शिवला होता. सुती बनियनला आतून तसाच खिसा, वर झाकण आणि बटण, ६० रुपये. आत चेनची प्लॅस्टिक पिशवी, तिच्यात नोटा. घाम कापडाने घेतला तरी नोट कोरडी राहते. दोन बनियनी करून घ्या, दमट हवेत रात्रीत वाळत नाहीत. दिवसाचा खर्च वेगळ्या साध्या खिशात ठेवा, गर्दीत चोरखिसा उघडला की तो चोरखिसा राहत नाही. सगळी रोख एकाच माणसाच्या अंगावर नको. पट्टाच हवा असेल तर पातळ सुती किंवा रेशमी घ्या, आणि दुकानात उभं राहून तोंडाला लावून फुंकर मारून घ्या.

सहा पट्टे आणि खोकं पुरावा म्हणून ठेवलंय, पोलीस मागतील म्हणून. कपाट उघडलं की रेक्झिनचा वास येतो. तुमच्या खोक्यातही तशी परताव्याची चिठ्ठी आली असेल तर तो नंबर फिरवू नका. चिठ्ठीचा आणि पार्सलवरच्या लेबलचा फोटो काढा आणि १९३० वर तक्रार द्या. एकाच नंबरवर चार तक्रारी गेल्या तर निदान पाचव्याचे पैसे वाचतील.