स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश: बी.ए.च्या विद्यार्थ्याने कसा वापरावा

गोव्यात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करणाऱ्या कितीतरी मुलामुलींचं शिक्षण चौथीपर्यंत मराठीत आणि पाचवीपासून इंग्रजीत झालेलं असतं. इंग्रजी वाचता येतं, पण संकल्पना मनात बसते ती मराठीतून. अशा विद्यार्थ्याला 'स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी' कितपत उपयोगी पडतो? फुकट मिळणाऱ्या साधनांत त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. मात्र वर्गात विषय सुरू होण्याआधीच तो उघडून बसलं, तर डोक्यात गोंधळ ठरलेला.

१९९५ पासून हा कोश इंटरनेटवर आहे. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. प्रत्येक नोंद त्या विषयातला अभ्यासक लिहितो, इतर अभ्यासक ती तपासतात आणि काही वर्षांनी ती सुधारली जाते. अडचण आहे ती लांबीची. दहा-पंधरा हजार शब्दांच्या नोंदी सर्रास सापडतात. लेखक सगळ्या बाजू आणि त्यांवरचे आक्षेप मांडत जातो. त्यातला हमरस्ता कुठला आणि गल्ली कुठली, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळत नाही.

उदाहरणादाखल 'द ॲनालिसिस ऑफ नॉलेज' ही नोंद घ्या. पहिल्या भागात ज्ञानाच्या तीन अटी येतात: गोष्ट सत्य हवी, तिच्यावर विश्वास हवा आणि त्या विश्वासाला समर्थन हवं. तिसऱ्या भागात गेटियर येतो. एडमंड गेटियरने १९६३ साली अवघ्या तीन पानांच्या लेखात दाखवलं की तिन्ही अटी पुऱ्या होऊनही ज्ञान झालेलं नसू शकतं. बी.ए.साठी पहिला, तिसरा आणि चौथा भाग पुरतो. दुसरा सोडला तरी चालतं, आणि पाचव्यापासून पुढचं एम.ए.साठी ठेवावं. प्रत्येक भाग वाचला की पान बंद करून पाच ओळी मराठीत लिहाव्यात. लिहिता आल्या नाहीत, तर तेवढाच भाग पुन्हा वाचावा.

याच तिसऱ्या भागात एक मोलाची गोष्ट आहे, आणि घाईत वाचणाऱ्याकडून ती हमखास सुटते. इसवी सन ७७० च्या सुमाराचा बौद्ध तार्किक धर्मोत्तर तिथे भेटतो. तापलेल्या दुपारी पाणी शोधणाऱ्याला लांबवर पाणी दिसतं. प्रत्यक्षात ते मृगजळ असतं. पण तो तिथे पोचतो, तर नेमकं तिथेच खडकाखाली खरं पाणी निघतं. समज खरा ठरला, डोळ्यांना दिसलं होतं म्हणून त्याला आधारही होता. मग ते ज्ञान म्हणायचं का? गेटियरच्या सुमारे बाराशे वर्षं आधीचा हा प्रश्न आहे. भारतीय तत्त्वज्ञानाच्या पेपरात शिकलेलं प्रमाण (खऱ्या ज्ञानाचं साधन) आणि प्रमाणाभास (तसं भासणारं, पण सदोष साधन) इथे पाश्चात्त्य पेपरात कामाला येतात. प्रमाणाभासातून योगायोगाने खरी निघालेली समजूत ही प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, का नव्हे, एवढा एक परिच्छेद जोडला तरी उत्तराचं वजन वाढतं. दोन पेपर म्हणजे दोन वेगळी खाती, असं धरून चालणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं.

नागार्जुन, धर्मकीर्ती आणि शंकराचार्य यांच्यावर स्वतंत्र नोंदी आहेत, आणि त्या उत्तम आहेत. फक्त संस्कृत संज्ञांचे इंग्रजी पर्याय प्रत्येक लेखकाचे निराळे असतात, म्हणून वहीत मूळ संस्कृत शब्दच ठेवावा.

प्रकल्पात संदर्भ देताना होणारी चूक म्हणजे नोंदीचा चालू दुवा चिकटवणं. नोंद पुढे सुधारली गेली की तुम्ही उतरवलेलं वाक्य कदाचित तिथे उरत नाही, आणि तपासणाऱ्या प्राध्यापकांना ते सापडत नाही. कोशाची त्या घडीची प्रत वर्षातून चारदा, म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या २१ तारखेला, कायमची जपून ठेवली जाते. नोंदीच्या वरच्या बाजूला संदर्भाची माहिती देणारा दुवा असतो. तिथलं आवृत्तीसह तयार वाक्य उचलावं.

वाळपई किंवा काणकोणहून कदंबच्या बसने येणाऱ्यांनी नोंद आदल्या रात्री ब्राउझरच्या प्रिंटमधून पीडीएफ करून घ्यावी. घाटातल्या रेंजवर भरवसा ठेवू नये. मोबाईलवर तळटिपा वाचताना जागा हरवते, त्यामुळे लागणारे तीन भाग छापून घेतलेले बरे.

पारिभाषिक शब्दांसाठी मराठी विश्वकोश शेजारी हवाच. तोही संकेतस्थळावर मोफत आहे. ज्ञानमीमांसा, अनुभववाद, सत्ताशास्त्र या नोंदी आधी मराठीत वाचून मग स्टॅनफर्डकडे वळलं, की तीच इंग्रजी वाक्यं निम्म्या वेळात उलगडतात. विश्वकोशाच्या छापील खंडांतल्या नोंदी जुन्या आहेत, गेल्या काही दशकांतल्या चर्चा त्यांत मिळणार नाहीत; पायाभूत व्याख्यांना त्याने काही बिघडत नाही. शांत बसायला पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ पासूनची परंपरा असलेली ही संस्था पणजीच्या बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तर्कशास्त्रासाठी मात्र हा कोश उघडू नये. तिथे तर्कशास्त्राबद्दल भरपूर वाचायला मिळतं, पण सरावाची उदाहरणं नाहीत. तीन चलांचं (म्हणजे तीन विधानांचं) सत्यता-कोष्टक, म्हणजे सत्य-असत्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता, आठ ओळींचं, चार चलांचं सोळा ओळींचं. ते हाताने, पेन्सिलीने मांडल्याशिवाय येत नाही. युक्त (व्हॅलिड) युक्तिवाद आणि सत्य निष्कर्ष यांतला घोळही अशी वीसेक कोष्टकं सोडवल्यावरच सुटतो. त्यासाठी सरावाची उदाहरणं असलेलं पाठ्यपुस्तक विकत घ्यावं, जुनं मिळालं तरी चालेल.