ई-एससीआर : निकाल फुकट मिळतो, दाखला मात्र तपासून घ्या

सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल-अहवाल, म्हणजे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स, २ जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या नावाने सगळ्यांना मोफत खुले झाले. सुरुवातीलाच त्यात सुमारे ३४ हजार निकाल होते. वर्गणी नाही, कॅप्चा भरला की शोध सुरू. ज्यांना घटनेची 'मूलभूत चौकट' किंवा फाशीसाठीचा 'विरळातला विरळ गुन्हा' हे शब्द पुस्तकातल्या एका ओळीपलीकडे, मूळ निकालपत्रात वाचायचे आहेत, त्यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे. फक्त ती ग्रंथालयासारखी वापरावी. कपाट उघडून मिळतं, कुठलं पान आजही कायदा आहे हे कपाट सांगत नाही.

आधी इथे काय मिळणार नाही ते. यात फक्त अहवालात छापण्याजोगे ठरवलेले निकाल असतात. जामिनाचे रोजचे आदेश किंवा 'नॉन-रिपोर्टेबल' शिक्क्याचे निकाल इथे शोधत बसू नये. उच्च न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या वेगळ्या पोर्टलवर आहेत.

नावाने शोधणं हा सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात फसवा मार्ग. मूलभूत चौकटीचा निकाल तो 'केशवानंद'. त्याच्या अधिकृत इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'श'साठी नुसता 'एस' आहे. सवयीने पुढे 'एच' टाकला की गाडी अडते. मूलभूत हक्कांच्या दुरुस्तीबद्दलच्या निकालाचं 'गोलकनाथ' हे नाव कुठे एका शब्दात, कुठे दोन शब्दांत छापलेलं असतं. 'एडीएम जबलपूर' हे आणीबाणीतल्या निकालाचं बोलण्यातलं नाव. शीर्षकात 'अ‍ॅडिशनल डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट' असं लांबलचक आहे. त्यात जुने खंड स्कॅन केलेले, त्यामुळे शब्दशोधात अक्षरं गळतात.

म्हणून वर्ष, खंड, पान असा सायटेशनने शोध घ्यावा. गोलकनाथ १९६७, खंड २, पान ७६२. केशवानंद भारती १९७३, पुरवणी खंड, पान १. मनेका गांधी १९७८, खंड २, पान ६२१. इथे एक खाचखळगा आहे: खंडाचं वर्ष आणि निकालाचं वर्ष एकच असेल असं नाही. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीचा एम. सी. मेहता निकाल २० डिसेंबर १९८६ चा, पण छापला गेला १९८७ च्या पहिल्या खंडात, पान ८१९ वर. तारखेचा फिल्टर १९८७ लावला तर तो हाती लागत नाही. २०२३ पासूनच्या 'न्यूट्रल सायटेशन'मध्ये, म्हणजे निकालाचं वर्ष, 'आयएनएससी' आणि अनुक्रमांक अशा रचनेत, हा गोंधळ राहत नाही. जुन्या निकालांनाही असे क्रमांक दिले आहेत, ते टिपून ठेवावेत.

मेहता यांचंच नाव टाकून पाहा, म्हणजे दुसरी अडचण कळेल. गंगा प्रदूषण, ताजमहाल परिसरातले कारखाने, दिल्लीतली वाहनं, सगळ्या याचिकांना तेच शीर्षक. ओलियम प्रकरणातही १९८६ सालचे दोन निकाल आहेत: १७ फेब्रुवारीचा तीन न्यायमूर्तींचा, कारखाना अटींवर सुरू करू देणारा, आणि २० डिसेंबरचा घटनापीठाचा. 'संपूर्ण दायित्व', म्हणजे कोणतीही सबब न चालणारी भरपाईची जबाबदारी, दुसऱ्यात आहे. पीठाची संख्या पाहिल्याशिवाय पीडीएफ उतरवू नये. तीच गत पुट्टस्वामींची: २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा, २६ सप्टेंबर २०१८ चा पाच न्यायमूर्तींचा आधारचा. महाविद्यालयीन टिपणांत हे दोन सर्रास एकमेकांत मिसळलेले दिसतात.

निकाल सापडल्यावर पहिल्या पानांवरची हेडनोट, म्हणजे निकालाचा सारांश, वाचून थांबण्याचा मोह होतो. हेडनोट संपादकांनी तयार केलेली असते, न्यायमूर्तींनी नाही. ती नकाशा म्हणून वापरावी, दाखला म्हणून नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ खाली बंधनकारक असतो तो 'रेशो', म्हणजे निर्णय ज्यावर टेकला आहे ते तत्त्व. ओघात आलेलं भाष्य, 'ऑबिटर', तितकं वजनदार नाही. आणि हा फरक किती निसरडा आहे ते ओलियमच्याच निकालावरून कळतं. धोकादायक उद्योगातून अपघात झाला तर कोणतीही सबब न चालता भरपाई द्यावी लागेल, असं १९८६ ला घटनापीठ म्हणालं. पण कारखाना चालवणारी खासगी कंपनी अनुच्छेद १२ खाली 'राज्य' ठरते का, म्हणजे तिच्याविरुद्ध मूलभूत हक्क बजावता येतात का, हा प्रश्न खुला ठेवला आणि भरपाईसाठी दावे लावायला सांगितलं. हाच धागा पकडून ३ ऑक्टोबर १९९१ च्या, भोपाळ वायुगळतीवरच्या युनियन कार्बाइड निकालात ते तत्त्व 'ऑबिटर' असल्याचं म्हटलं गेलं. मग १३ फेब्रुवारी १९९६ ला, राजस्थानातल्या बिछडीच्या रासायनिक प्रदूषणाच्या प्रकरणात, न्यायालयाने ते ऑबिटर नसून बंधनकारक आहे असा निर्वाळा दिला. तिन्ही निकालपत्रं शेजारी शेजारी उघडून वाचावीत. पोर्टलचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

केशवानंद सलग वाचायला घेतला तर बहुतेक जण वाटेतच सोडतात: १३ न्यायमूर्ती, ११ स्वतंत्र निकालपत्रं, शेकडो पानं. आधी शेवटचं बहुमताचं टिपण काढा. त्यावर नऊ जणांच्या सह्या आहेत. रे, मॅथ्यू, बेग आणि द्विवेदी यांनी सही केली नाही. घटनादुरुस्तीच्या अनुच्छेद ३६८ ने घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही, हे वाक्य तिथे आहे. मग न्या. खन्नांच्या निकालपत्राचे निष्कर्ष, कारण ७ विरुद्ध ६ चं पारडं तिथे झुकलं. बाकीचं नंतर सवडीने.

आता खरी उणीव. २८ एप्रिल १९७६ चा जबलपूर निकाल उघडला तर चार जणांचं बहुमत जसंच्या तसं समोर येतं: आणीबाणीत अनुच्छेद २१ साठी, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, न्यायालयात दाद मागता येणार नाही. तो २०१७ ला पुट्टस्वामीत रद्दबातल ठरला, पण त्या पीडीएफवर तसा शिक्का नाही. खन्नांचं एकट्याचं भिन्नमत, जे आज टिकून आहे, तेही त्याच फायलीत आहे. म्हणून कोणताही जुना निकाल वापरण्याआधी त्याचं नाव अवतरणात टाकून 'ओव्हररूल्ड' या शब्दासह पुन्हा शोध घ्यावा आणि त्याहून मोठ्या पीठाचे नंतरचे निकाल आधी पाहावेत. सशुल्क सेवांचे पैसे मुख्यतः याच कामाचे असतात.

कोर्टात वापरताना आणखी एक कटकट. जुन्या एससीआरमध्ये परिच्छेदांना बहुधा क्रमांक नाहीत. समासात ए ते एच अक्षरं असतात, त्यामुळे 'पान अमुक, सी ते ई' असं सांगावं लागतं. समोरचे वकील मात्र एससीसी, म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस या खासगी प्रकाशनाचा, पॅरा सांगतात. तो क्रमांक प्रकाशकाचा. १२ डिसेंबर २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक निकालानुसार अशा संपादकीय भरीला स्वामित्वहक्क आहे, निकालाच्या मूळ मजकुराला नाही. म्हणूनच तर हे सगळं फुकट वाटता येतं. अलीकडच्या खंडांत परिच्छेद क्रमांक, विचारात घेतलेला मुद्दा आणि उद्धृत निकालांची यादी सुरुवातीलाच मिळते, तिथे वाचणं खूप सुकर झालंय.

मराठी भाषांतरं निवडक निकालांचीच आहेत, यंत्राच्या मदतीने केलेली. तळटीप न चुकता वाचावी: पक्षकाराला स्वतःच्या भाषेत समजावं एवढाच त्यांचा हेतू, प्रमाण मानायची ती इंग्रजी प्रतच. वाक्यं मोठी आणि अवघडलेली असतात. 'मे' आणि 'शॅल' यांतला 'करू शकेल' आणि 'करील' हा फरक दिसला की इंग्रजी परिच्छेद शेजारी लावून पाहावा.