फौजदारी कायद्याचा रविवारचा क्लास : शिकवणं मस्त, नोट्स जुन्या

४३व्या वर्षी एलएलबीला ऍडमिशन घेतलंय, नोकरीमुळे कॉलेजची लेक्चर्स बुडतात म्हणून सदाशिव पेठेत रविवारचा क्लास लावला, आठ रविवार, साडेचार हजार फी. क्लासचं नाव नको, तक्रार पण आहे.

पहिल्या दिवशी सरांनी पुस्तक उघडलंच नाही. पुढच्या बाकावरच्या मुलाचं हेल्मेट उचललं, तीन बाक मागे नेऊन ठेवलं आणि विचारलं, झाली का चोरी? आम्ही म्हटलं छे, हेल्मेट तर वर्गातच आहे. सर म्हणाले, ढापायच्या इराद्याने त्याला न विचारता जागेवरून हलवलं की चोरी पूर्ण झाली, दाराबाहेर पडायलाच हवं असं नाही, आणि खरोखर आपलंच समजून कोणी ते घरी नेलं तर ती चोरी नाही. कृती आणि मनातला हेतू दोन्ही लागतात हे मी तीन महिने पुस्तकात वाचत होते, डोक्यात शिरलं त्या हेल्मेटमुळे.

सदोष मनुष्यवध आणि खून यातला फरक पण असाच, नानावटी केस घेऊन. १९५९ची मुंबई, बायकोने परपुरुषाशी संबंध असल्याची कबुली दिल्यावर नानावटी तिला आणि मुलांना मेट्रो थिएटरला सोडतो, मग जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतो, मग तिच्या प्रियकराच्या फ्लॅटवर जाऊन त्याला गोळ्या घालतो. मधे जवळपास तीन तास गेले म्हणून सुप्रीम कोर्टाने १९६१ला म्हटलं की राग शांत व्हायला वेळ होता, अचानक प्रक्षोभाचा बचाव मिळणार नाही, म्हणजे हा सदोष मनुष्यवध नाही, खूनच. त्या दिवशी लेक्चर पाऊण तास जास्त चाललं तरी कोणी उठलं नाही.

आता नोट्स. झेरॉक्स काढून दिलेल्या, त्यात सगळीकडे जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं, खुनाला ३०२, फसवणुकीला ४२०. अहो १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे! खुनाची शिक्षा आता कलम १०३, फसवणूक ३१८, आणि नवीन संहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे, म्हणजे पेपरात काय लिहून येऊ आम्ही? जुन्या तारखेच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो हे मान्य, म्हणून दोन्ही नंबर शेजारी शेजारी छापा ना. मी स्वतः पेन्सिलने लिहून घेतले, दोन रात्री गेल्या.

आणि गुन्हेगारीशास्त्र शेवटच्या रविवारी वीस मिनिटांत उरकलं, याचं जास्त वाईट वाटलं. लोम्ब्रोसो या इटालियन अभ्यासकाचा 'जन्मजात गुन्हेगार', म्हणजे माणूस जन्मतःच गुन्हेगार असतो हा सिद्धांत सांगितला आणि पुढे पळाले. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडेच होता, अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, १९५२ला तो रद्द झाला, तरी आमच्या गावाकडे चोरी झाली की अजून पहिलं बोट पारध्यांच्या पालांकडेच जातं. मी हात वर करून विचारलं तर सर म्हणाले परीक्षेला येत नाही. न येऊ दे, उद्या यातलेच काही जण पीएसआय होणार आहेत, त्यांना हे कोण सांगणार?

एलएलबी फर्स्ट इयरवाल्यांनी लावा, पैसे वसूल होतात. नवीन संहितेचं मराठी पुस्तक मात्र अप्पा बळवंत चौकातून आधीच घ्या आणि पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा.