बॉक्सिंगचं सबस्क्रिप्शन घ्यावं का? पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंतचा वापर

मागच्या वर्षी मृगाच्या आधी बॉक्सिंग दाखवणाऱ्या एका परदेशी अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. आता संक्रांत होऊन गेली, तेव्हा लिहायला हरकत नाही. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही. ज्या गोष्टींनी डोकं फिरलं त्यातल्या बऱ्याचशा अ‍ॅपच्या हातातच नाहीत. त्या प्रमोटर आणि प्रसारण कंपन्यांच्या करारात ठरतात, आणि दुसरं कुठलं अ‍ॅप घेतलं असतं तरी तेच भोगावं लागलं असतं.

आधी चांगलं सांगतो. चित्र स्वच्छ आहे. बेळगावात, टिळकवाडीत घरी फायबरवर अडत नाही, आणि कंग्राळीत तात्यांच्या घरी मोबाईल डेटावरही चालतं. फक्त फोनवरून टीव्हीवर टाकलं की ठोशाचा आवाज आधी येतो आणि ठोसा नंतर बसतो. जुन्या लढतींचा साठा भरपूर आहे, पावसाळ्यातल्या संध्याकाळी त्यातच गेल्या. पैसे भरण्याआधी एक करा: कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून ठेवा. नाहीतर व्यवहार पुन्हा पुन्हा नाकारला जातो आणि कारण कुणीच सांगत नाही.

घ्यायचं निमित्त आपला बॉक्सर निशांत देव. पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्याच्याविरुद्ध निकाल गेला तेव्हा आपल्याकडे केवढा गलका झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो व्यावसायिक झाला, मॅचरूम या ब्रिटिश प्रमोटरकडून, आणि पहिलीच लढत लास व्हेगासमध्ये पहिल्या फेरीत संपवली. आमच्या तालमीतल्या पोरांना विचारा, किती जणांनी ती बघितली? ऑलिंपिक घराघरात दिसतं, ही लढत दिसली नाही. पोरगा तोच, हात तेच.

विजेंदर सिंगचं तर आपल्या दारातच झालं. १९ मार्च २०२१ ला चोर्ला घाटाच्या पलीकडे, पणजीला कॅसिनोच्या जहाजावर, रशियाच्या आर्तिश लोपसानने त्याला पाचव्या फेरीत हरवलं. व्यावसायिक कारकिर्दीतली त्याची पहिली हार. बेळगावहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं एवढ्या अंतरावर, आणि आमच्याकडे बहुतेकांना ते दुसऱ्या दिवशी कळलं. बीजिंगच्या २००८ च्या कांस्यपदकानंतर हाच विजेंदर देशभर पोस्टरवर होता.

वापरताना हळूहळू लक्षात येतं की आपण पैसे भरतो ते बॉक्सिंगला नव्हे, एका प्रमोटरच्या गोटाला. बॉक्सर प्रमोटरशी काही वर्षांसाठी बांधलेला, प्रमोटर वाहिनीशी बांधलेला. मॅचरूमने मे २०१८ मध्ये डॅझोन या खेळ दाखवणाऱ्या स्ट्रीमिंग कंपनीशी ८ वर्षांचा, १ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेक्सिकोचा बॉक्सर कानेलो अल्वारेझने डॅझोनशीच ११ लढतींचा, ३६.५ कोटी डॉलरचा करार केला. दोनच वर्षांत त्याचं कोर्टकज्जात रूपांतर झालं, हा भाग वेगळा. टॉप रँक हा अमेरिकी प्रमोटर २०१७ पासून ईएसपीएन या वाहिनीवर, ते २०२५ मध्ये संपलं. एचबीओ ही अमेरिकी वाहिनी १९७३ पासून बॉक्सिंग दाखवत होती, २०१८ च्या शेवटी तिने बॉक्सिंगचं दुकान बंद केलं. शोटाइम या दुसऱ्या वाहिनीने २०२३ च्या शेवटी. आवडता बॉक्सर तोच, पण दर थोड्या वर्षांनी त्याचा पत्ता बदलतो आणि आपण खिसा चाचपत मागे.

हे तात्यांना सांगायला गेलो तेव्हा खरी मजा आली. तात्या जुने पैलवान, बॉक्सिंगशी संबंध शून्य, पण माझ्यासोबत पहाटे उठून बसायचे. क्रॉफर्ड आणि स्पेन्स या दोघा अमेरिकी बॉक्सरांची गोष्ट सांगितली. एकाच वजनगटात, दोघेही अपराजित, सगळं जग जोड लावा म्हणत होतं, पण क्रॉफर्ड टॉप रँककडे आणि स्पेन्स पीबीसी या दुसऱ्या प्रमोटर गोटाकडे. एक ईएसपीएनवर दिसणार, दुसरा शोटाइम आणि फॉक्सवर. वर्षं गेली. क्रॉफर्डने टॉप रँक सोडल्यावर कुठे जुलै २०२३ मध्ये लढत झाली, आणि क्रॉफर्डने नवव्या फेरीत निकाल लावला. तात्या म्हणाले, "म्हणजे आनंदवाडीच्या मैदानात दोन वस्तादांचं पटत नाही म्हणून पहिल्या नंबरची कुस्तीच लावायची नाही? पब्लिक खुर्च्या फेकंल की."

इथे एक फरक आहे, आणि तो कुस्तीच्या बाजूचा आहे. आमच्या जत्रेतल्या मैदानात पैलवान एका गावात हरला तरी पुढच्या गावात इनामावर लढतो. बॉक्सिंगमध्ये टीव्हीने हार महाग करून टाकली. 'अपराजित' हा शब्द पोस्टरवर विकला जातो, म्हणून प्रमोटर आपला माणूस जपतो, सोपे प्रतिस्पर्धी देतो, वर्षाला एक-दोनच लढती. जुन्या काळातला अमेरिकी बॉक्सर शुगर रे रॉबिन्सन दोनशेच्या आसपास लढती लढला, त्यात हरलाही, तरी जाणकार त्याला सर्वश्रेष्ठ म्हणतात. अमेरिकेच्याच फ्लॉइड मेवेदरने ५० लढती करून एकही न हरता निवृत्ती घेतली. मेवेदर थोरच, पण त्याच्यानंतरचा प्रत्येक जण आपला शून्य सांभाळत बसलाय.

त्या मेवेदरचीच फिलिपिन्सच्या पॅकियाओशी लढत २ मे २०१५ ला झाली. चर्चा २००९ पासून. मेवेदर शोटाइमकडे, पॅकियाओ एचबीओकडे, शेवटी दोघांना मिळून दाखवावी लागली. अमेरिकेत साधारण १०० डॉलर मोजून ४६ लाख घरांनी ती विकत घेतली. पैशाचा विक्रम झाला. पण तोवर दोघेही उताराला लागले होते, लढत थंड गेली, आणि त्या एका रात्रीसाठी १०० डॉलर टाकून पस्तावलेला नवा माणूस पुन्हा बॉक्सिंगकडे फिरकला असेल असं मला वाटत नाही.

माझ्याकडे पे-पर-व्ह्यूचा, म्हणजे एकेका लढतीचे वेगळे पैसे भरण्याचा, अनुभव असा: पहाटेचा अलार्म लावून उठलो, अ‍ॅप उघडलं, पोस्टरवर छोटं कुलूप. सबस्क्रिप्शन चालू असतानाही वेगळे पैसे. आधीच्या किरकोळ लढती तेवढ्या फुकट, मुख्य लढत आली की पडदा काळा. आणि थोडं झोपून नंतर बघू म्हणाल तर रिप्लेच्या चित्रातच जिंकणारा पट्टे खांद्यावर टाकून हसत उभा असतो. हे मात्र अ‍ॅपनेच सुधारायला पाहिजे, इथे कराराची सबब चालणार नाही.

वेळेचं दुखणं जुनंच आहे. १९७४ ला आफ्रिकेतल्या किन्शासात अली-फोरमन पहाटे चारला लढले, १९७५ ला मनिलात अली-फ्रेझर सकाळच्या वेळी. कारण अमेरिकेत तेव्हा प्रेक्षकांची वेळ होती. रियाधमध्ये मे २०२४ ला फ्युरी-उसिक मध्यरात्र उलटल्यावर रिंगणात उतरले, ब्रिटनच्या शनिवार रात्रीसाठी. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट. अमेरिकेतल्या लढती रविवारी सकाळी, म्हणजे बाजारात जायच्या वेळेला. फक्त जपानी इनोऊए आपल्या सोयीचा, त्याची टोकियोतली लढत संध्याकाळच्या चहाला सुरू होते.

बरं, मुख्य लढत नेमकी कधी, ते कुणी सांगत नाही. मधल्या वेळात सट्ट्याच्या जाहिराती आणि माईक धरून बोलणारा एक कोटवाला. तात्यांनी विचारलं, "हा वस्ताद काय रे?" म्हटलं, नव्हे, प्रमोटर. "मग लढणाऱ्यापेक्षा हाच जास्त बोलायलाय की."

उलट अनुभव गणपतीनंतरच्या आठवड्यात. १३ सप्टेंबर २०२५ ची कानेलो-क्रॉफर्ड लढत नेटफ्लिक्सवर, जादा पैसे नाहीत. सौदीच्या करमणूक खात्याचे प्रमुख तुर्की अलअलशिख यांच्या पैशामुळे आणि नेटफ्लिक्समुळे एरवी न जमणारी जोड जमली. क्रॉफर्ड दोन वजनगट चढून आला आणि गुणांवर जिंकला. नेटफ्लिक्सनेच सांगितलेला प्रेक्षकांचा आकडा ४ कोटींच्या वर. मेवेदरच्या ४६ लाख खरेद्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा. खरेदी आणि प्रेक्षक सारखे मोजता येत नाहीत हे मान्य, तरीही. त्या सकाळी आमच्या गल्लीत बॉक्सिंगचा गंध नसलेली पोरंसुद्धा नाश्ता करत बघत होती, आणि दुपारी दोघांनी मला विचारलं की ह्याची आधीची लढत कुठे मिळंल. मला पाच ठिकाणं सांगावी लागली. अर्थात सौदीचा पैसा उद्या आटला तर अशा जोड्या कोण लावणार, हा प्रश्न आहेच.

तर घ्यावं का? जुन्या लढती बघायची आवड असेल, निशांत देवसारख्यांचा प्रवास सुरुवातीपासून बघायचा असेल तर घ्या. फक्त मोठ्या लढतींसाठी घेणार असाल तर नको. त्या एक तर कुलपात असतात किंवा दुसऱ्याच अ‍ॅपवर. मी वार्षिक नूतनीकरण बंद केलंय. पुढे ज्या महिन्यात बघण्यासारखं काही असेल त्या महिन्यापुरतेच पैसे भरणार, तेही ती लढत भारतात दिसणार आहे की नाही ते आदल्या दिवशी तपासून.