नोकरी गेल्यावर पीएफ मोडावा की ईएसआयचा बेकारी भत्ता घ्यावा?

माझी नोकरी दोनदा गेली, दोन्ही वेळा भोसरीत. 2019 मध्ये मी पीएफ पूर्ण मोडला. 2024 मध्ये त्याला हात न लावता ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा, दावा केला. ज्यांचा पगार 21,000 च्या आत आहे आणि दोन्ही कपाती होतात, त्यांच्यासमोर आज हीच निवड असते, म्हणून माझा अनुभव लिहितो. प्रत्येकाच्या घरची परिस्थिती वेगळी, त्यामुळे माझंच बरोबर असा आग्रह नाही.

पीएफच्या बाजूने आधी बोलायला हवं. ते पैसे लवकर येतात, मालकाच्या दारात उभं राहावं लागत नाही आणि रक्कमही मोठी असते. 2019 मध्ये घरभाडं, मुलीची फी आणि दुकानाची उधारी सगळं त्यातूनच भागलं.

पण तेव्हा पीएफ काढायच्या फॉर्म 19 सोबत मी पेन्शनचा 10 सीसुद्धा भरला. सायबर कॅफेवाल्याने विचारलं, "पेन्शनचेही काढायचे ना?" मी हो म्हणालो. 8 वर्षं 4 महिने भरलेली माझी पेन्शनची सेवा त्या एका होकारात शून्य झाली. पेन्शनला 10 वर्षं लागतात. पुढची नोकरी साडेचार वर्षांच्या आसपास टिकली. दोन्ही जोडली असती तर आज माझी बारा वर्षांहून जास्त सेवा झाली असती. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराच्या 15,000 च्या मर्यादेवर दहा वर्षं धरली तरी 58 व्या वर्षापासून महिन्याला साधारण 2,143 रुपये येतात. आकडा लहान वाटेल, पण माझ्या वडिलांना महिन्याला तेवढेही कुठून येत नव्हते. स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनच्या सेवेचा दाखला, घेऊन ती वर्षं राखता येतात, हे मला फार उशिरा समजलं. पीएफची बाकी रक्कम पुन्हा साठवता येईल, ती वर्षं कशी परत आणणार? दुसऱ्या वेळी माझा निर्णय याच एका गोष्टीने केला.

आता ईएसआयचा भत्ता. 2018 मध्ये सुरू झाला तेव्हा तो सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के होता, कोरोनाच्या काळात 50 टक्के केला. अर्ज मालकामार्फत करण्याची अट गेली आणि 90 दिवसांऐवजी 30 दिवसांनी दावा करता येऊ लागला. या सुधारणा नसत्या तर मी त्या वाटेला गेलोच नसतो. हिशोब असा: आधीच्या चार अंशदान कालावधींची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई 730 ने भागायची आणि त्याच्या निम्मं. 18,000 पगार सलग असेल तर रोजचे 296 च्या आसपास, 90 दिवसांचे साधारण 26,600. पैसे थेट खात्यात येतात आणि ते परत फेडायचे नसतात.

मात्र 730 हा भाजक कुणासाठी बदलत नाही. ज्याला ठेकेदार सात महिन्यांनी ब्रेक देतो, त्याचे रिकामे महिनेही त्यात मोजले जातात. म्हणजे ज्याची नोकरी सगळ्यात कच्ची, त्याचाच भत्ता सगळ्यात कमी. सुधारणा करायची तर सुरुवात इथून व्हावी असं मला मनापासून वाटतं. दुसरं, हे 90 दिवस आयुष्यात एकदाच मिळतात. माझे संपले. अजून वीस वर्षं काम करायचं आहे आणि पुढच्या वेळी ही योजना माझ्यासाठी नसेल. शिवाय ती ठरावीक मुदतीची आहे, मुदत संपत आली की वाढवली जाते, म्हणून दावा करण्याआधी ती चालू आहे का ते बघा.

माझ्या दाव्याला थोडा उशीरही झाला. ईएसआयच्या मासिक भरण्याच्या यादीत माणूस कमी झाला की मालकाला कारण निवडावं लागतं. माझ्या ठेकेदाराने 'लेफ्ट सर्व्हिस' निवडलं, जणू मीच सोडून गेलो. खुलासा करण्यात तीनेक आठवडे गेले. ईएसआयचीच दुसरी बेकारी भत्त्याची योजना, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, याहून मोठी आहे, 24 महिन्यांपर्यंत चालते. पण तिला कामगार कपातीचा किंवा कारखाना बंद झाल्याचा पुरावा लागतो आणि ठेक्यावरच्या माणसाला तसं पत्र देतं कोण?

ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की 25 टक्के रक्कम खात्यात ठेवायची, नोकरी गेल्यावर ती 12 महिन्यांनी आणि पेन्शनची रक्कम 36 महिन्यांनी काढता येईल. माझे सोबती चिडले, आमचाच पैसा अडवला म्हणाले. त्यांचा राग मला कळतो. पण 36 महिन्यांची ही अट 2019 मध्ये असती तर माझी आठ वर्षं वाचली असती. एवढंच, की साठवणीला कुलूप लावायचं तर चूल पेटती ठेवणारा भत्ताही तीन महिन्यांवरून वाढवायला हवा आणि दर वेळी नोकरी गेल्यावर मिळायला हवा.

तोवर माझा कल भत्त्याकडे आहे. डोक्यावर कर्ज असेल, घरात आजारपण असेल, तर पीएफमधून गरजेपुरते जरूर काढा, फक्त 10 सी भरून पेन्शनचे पैसे काढू नका. पगार 21,000 च्या वर असेल तर ईएसआय नाहीच, तिथेही पेन्शनला हात लावू नका. आणि ठेकेदार हिशोबाला बोलावेल त्याच दिवशी, गेटपास जमा करण्याआधी, यादीत कारण काय टाकणार आहे ते विचारून घ्या.